बुधवारच्या रात्रीचा आंबटगोड खिमा-पाव



रविवारी काय शिजवायचे, हा प्रश्न आपल्या वस्तीत फारसा कुणाला पडत नाही. सकाळी अकराच्या सुमारास कोणत्याही गल्लीतून चक्कर मारा, कुणाच्या घरी काय शिजते आहे ते मसाल्याचा वासच सांगतो. खरा प्रश्न पडतो तो बुधवारी. रविवारचा उत्साह ओसरलेला असतो आणि पगाराला अजून अवकाश असतो. घरधनी ड्युटीवरून आठला येतो. घरधनीणही कुठे चार घरची धुणीभांडी, कुठे दवाखान्यात आयाचे काम, तर कुठे माझ्यासारखी कारकुनी करून सातला घरात पाय टाकते. मुले शिकवणीहून येतात ती "आई, काय आहे?" असे विचारतच. अशा वेळी वरण-भात आणि लोणचे यावर रात्र निघते. वरण-भात वाईट नाही. पण आठवड्यातल्या चार रात्री तेच ताटात आले, की मुले चौकातल्या गाडीवर जातात, नाहीतर पुड्यातले खारट-तिखट खाऊन पोट भरतात. म्हणजे पैसा जातो तो जातोच आणि अंगाला काहीच लागत नाही.

या विषयाला निमित्त झाले एका पत्राचे. उत्तर नागपुरातल्या एका भगिनीने लिहिले आहे. तिच्या सहावीतल्या मुलाला शाळेत "माझा आवडता पदार्थ" या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. पोराने मन लावून खिमा-पावावर लिहिले. आईने वही पाहिली आणि ते पान फाडून त्याच्याकडून पुलावावर दहा ओळी लिहून घेतल्या. पत्राच्या शेवटी तिने दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, "ताई, मुलगा टीव्हीवर पाहतो तसा बर्गरसारखा आंबटगोड खिमा घरी कसा करायचा?" आणि दुसरी, "मी पान फाडले ते बरोबर केले का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. दुसऱ्याकडे नंतर येऊ, पण टाळणार नाही.

हा पदार्थ आहे तरी काय?

टीव्हीवर दिसतो तो पदार्थ अमेरिकेतल्या कष्टकऱ्यांचा. गाईचा खिमा कांद्याबरोबर परतायचा, त्यात टमाटरचा आंबटगोड रस आटवायचा आणि गोल पावात भरून खायचा. तिकडे त्याला "स्लॉपी जो" म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत "गबाळा जो". खाताना तो हातावर, कपड्यांवर सांडतो म्हणून हे नाव. आयोवा राज्यातल्या सू सिटी गावच्या कुण्या जो नावाच्या आचाऱ्याने तो काढला असे सांगतात. नावावर हक्क सांगणारे दुसरेही आहेत. मात्र एवढे खरे की थोडक्या आणि स्वस्त मांसात सगळ्या घराचे पोट भरावे, यासाठी तो तिकडच्या घराघरांत रुजला. १९६९ मध्ये तर त्याचा तयार रस "मॅनविच" या नावाने डब्यात भरून विकायला आला. म्हणजे कामावरून दमून आलेल्या बाईचा बुधवार अमेरिकेतही होताच.

आपल्याला यातले काहीच परके नाही. खिमा हा शब्द तुर्की-फारसीकडून आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थच मुळी बारीक कापलेले मांस. पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि तिथून मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या हाती पडला. मुंबईच्या इराणी हॉटेलांतला खिमा-पाव तर प्रसिद्धच आहे. टमाटर आणि मिरची ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. राहिला आंबटगोडपणा. तो तर आपल्या आमटीत पिढ्यान्‌पिढ्या चिंच-गुळाने येतोच आहे. तेव्हा बाटलीतला सॉस आणायची गरज नाही. घरातली चिंच आणि घरातला गूळ पुरे.

बाजारातून काय आणावे

आपण इथे म्हशीचा, म्हणजे आपल्या बोलीत "मोठ्याचा" किंवा "बड्याचा" खिमा धरून चाललो आहोत. बोकडाच्या मटणाच्या निम्म्याहूनही कमी पैशात तो मिळतो. मोमिनपुऱ्यात किंवा कामठीला जाणाऱ्यांना हे सांगायला नको.

दुकान परवान्याचे आहे ना, हे आधी पाहा. आयता करून ठेवलेला खिमा घेऊ नका. मांसाचा तुकडा निवडा आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर मशीनमधून काढायला सांगा. मशीनमधून एकदाच काढलेला जाडसर खिमा चांगला. दोनदा काढला की त्याचा लगदा होतो आणि कढईत गोळे बसतात. म्हशीच्या मांसात चरबी कमी असते. त्यामुळे अगदी कोरडा तुकडा न घेता थोडी चरबी राहू द्या, नाहीतर खिमा भुशासारखा लागतो. रंग गडद लाल असावा आणि हाताला चिकटपणा लागू नये. वास आंबूस आला तर घेऊच नका.

अख्ख्या तुकड्यापेक्षा खिमा लवकर खराब होतो. तुकड्याला बाहेरून लागलेले जंतू दळताना आत सगळीकडे पसरतात. म्हणून आणला की तासाभरात चुलीवर चढवावा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर सकाळी खिमा आणून संध्याकाळी करायचा विचारसुद्धा करू नका. ड्युटीवरून येतानाच आणा. आणि याच कारणाने खिमा कच्चट ठेवू नये. आत कुठेही गुलाबी दिसता कामा नये.

पाच माणसांचे प्रमाण

खिमा अर्धा किलो. अख्खा मसूर अर्धी वाटी. मध्यम कांदे तीन. लाल पिकलेले टमाटर चार. ढोबळी मिरची एक, असेल तर. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या आणि अद्रकाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. लहान लिंबाएवढी चिंच. किसलेला गूळ दोन मोठे चमचे. तिखट दोन लहान चमचे, मुले लहान असतील तर एकच. हळद अर्धा चमचा, धने-जिरे पूड दोन चमचे, गरम मसाला अर्धा चमचा. तेल तीन मोठे चमचे. मीठ चवीप्रमाणे. मूठभर सांबार. पाव बारा, म्हणजे माणशी दोन आणि ज्याला आणखी लागेल त्याच्यासाठी वरचे दोन.

मसूर कशाला, असे काहीजण विचारतील. अर्ध्या किलो खिम्यात पाच माणसांचे बारा पाव भरायचे तर भर लागतेच. शिजलेला मसूर खिम्यात असा मिसळून जातो की मुलांना कळतही नाही. बटाटा किसून घातला तरी भर होते, पण मसुराने अंगाला जास्त लागते. मी वाणिज्य शाखेची असल्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. शंभर ग्रॅम कच्च्या, कमी चरबीच्या मांसात साधारण वीस ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे अर्ध्या किलोत शंभर ग्रॅम. मसूर त्यात सतरा-अठरा ग्रॅमची भर घालतो. पाच माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला तेवीस ग्रॅमच्या वर येतात, पावातले वेगळेच. पुड्यातल्या कुरकुरीत खाऊत एवढे मिळवायला किती पुडे फोडावे लागतील, याचा हिशेब वाचकांनी करून पाहावा.

कृती

मसूर सकाळीच भिजत घाला. संध्याकाळी कुकरमध्ये दोन शिट्ट्या करून घ्या. दाणा मऊ व्हावा, पण फुटू नये. चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवा.

कढई चांगली तापू द्या. तेल घाला आणि त्यात खिमा पसरून टाका. टाकल्याबरोबर हलवू नका. दोन-तीन मिनिटे तसाच राहू द्या, मग सराट्याने गोळे फोडत परता. खिम्याला आधी पाणी सुटेल. ते आटून पुन्हा तेल दिसेपर्यंत आच मोठीच ठेवा. सात-आठ मिनिटे लागतात. खिमा तपकिरी झाला आणि खमंग वास आला की निम्मे काम झाले. घाईत पाणी आटायच्या आत मसाला घातला तर खिमा उकडल्यासारखा लागतो आणि मग कितीही मसाला घाला, चव येत नाही.

आता बारीक चिरलेला कांदा घाला. तो मऊ झाला की ठेचलेले अद्रक-लसूण, ढोबळी मिरची, हळद, तिखट, धने-जिरे पूड आणि मीठ घाला. दोन मिनिटांनी चिरलेले टमाटर टाका. टमाटर गळले की एक वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर वीस मिनिटे शिजू द्या. मोठ्याच्या खिम्याला बोकडाच्या खिम्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. घाई असेल तर हेच कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत होते.

खिमा बोटांनी दाबून पाहा. मऊ झाला असेल तर मसूर, चिंचेचा कोळ आणि गूळ घाला. चिंच शेवटी घालायची ती अशासाठी, की आंबटात डाळ-बटाटा लवकर शिजत नाही. गूळ शेवटी घालायचा, कारण आधी घातला तर तो तळाला लागतो. झाकण काढून पाच-सात मिनिटे आटवा. सराटा कढईच्या तळावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. मागे पडलेली रेघ क्षणभर तशीच राहिली आणि मग हळूच भरून आली, की रस झाला. पातळ राहिला तर पाव भिजून फाटेल. फार आटला तर घास कोरडा होईल. चाखून पाहा. आंबट आधी लागावे, गोड मागून यावे आणि तिखट शेवटी. गरम मसाला आणि सांबार घालून कढई उतरवा.

पाव मधून कापा, पण एक बाजू जोडलेली राहू द्या. तव्यावर थेंबभर तेल टाकून आतली बाजू खरपूस भाजा. भाजलेल्या बाजूमुळे रस लगेच पावात मुरत नाही. पाव भरायचा तो वाढतानाच, आधी भरून ठेवायचा नाही. सोबत लिंबू पिळलेला कांदा आणि कोबी बारीक चिरून द्या.

एक सूचना भांड्याची. चिंच-टमाटराचा आंबट पदार्थ साध्या ॲल्युमिनियमच्या गंजात शिजवू नका. लोखंडी कढई असेल तर उत्तम. आंबटामुळे तिच्यातले थोडे लोह अन्नात उतरते आणि ते आपल्याला हवेच आहे. रंग मात्र जरा काळपट येतो आणि पदार्थ तिच्यात तसाच ठेवायचा नसतो. झाला की दुसऱ्या भांड्यात काढा.

पाऊण तास कुणाचा?

मसूर शिजलेला असेल तर सगळे मिळून पाऊण तासाचे काम आहे. पण हा पाऊण तास एकट्या बाईचाच का? खिमा शिजायला वीस मिनिटे घेतो. तेवढ्या वेळात कांदा-कोबी चिरणे, पाव कापणे, तव्यावर भाजणे, ताटे मांडणे ही कामे दहा वर्षांचे पोरही करू शकते, मुलगी असो की मुलगा. घरधन्याला ड्युटीवरून येताना खिमा आणि पाव आणता येतो, तसा तो परतताही येतो. समतेच्या भाषणांना आपण चौकात टाळ्या वाजवतो. मग बुधवारी रात्री सराटा कुणाच्या हातात आहे, हेही घरात पाहिले पाहिजे. आमच्या घरी पाव भाजायचे काम मुलाकडे आहे. दोन पाव करपवतो, पण ते तो स्वतःच खातो.

उरलेल्याचे काय?

उरला तर तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चांगला उकळी येईस्तोवर गरम करून ज्वारीच्या भाकरीबरोबर खा. चव मुरून आणखी चांगली लागते. फ्रीज नसेल तर मोजूनच करा. नागपूरच्या उन्हाळ्यात रात्रीचा खिमा सकाळच्या डब्यात देऊ नये. पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या गावात मांसाचा डबा दुपारपर्यंत टिकत नाही. एका पोराच्या जुलाबापायी दवाखान्यात जाणारा पैसा आठवड्याच्या बाजाराएवढा होतो.

आणि अंगाला काय लागते?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींचे रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून जास्त. जिना चढताना धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, हे आपल्या बाया "कामाचा शीण" म्हणून अंगावर काढतात. मांसातले लोह शरीरात जितके सहज शोषले जाते, तितके डाळ-पालेभाजीतले जात नाही. शिवाय मांसाबरोबर खाल्लेल्या डाळीतले लोहही जास्त शोषले जाते. टमाटर आणि लिंबातले क जीवनसत्त्व त्याला मदत करते. म्हणजे खिमा, मसूर, टमाटर आणि वरून पिळलेले लिंबू ही जोडी चवीपुरती नाही. फक्त जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. आणि ताटात पहिला वाटा पुरुषांचा, उरलेला बाईचा, ही रीत असेल तर ती मोडा. ज्यांच्या अंगात रक्त कमी, त्यांचाच वाटा कमी, हा कुठला हिशेब?

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगते. रक्त फार कमी असेल तर नुसत्या खिम्याने भरून येत नाही. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा आणि गोळ्या घ्या. दुसरे, लाल मांस रोज खाण्याची वस्तू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरले आहे. आठवड्यातून एखादा दिवस बेताने खावे. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर त्याच्यासाठी खिमा गूळ घालण्याआधीच बाजूला काढावा आणि पावाऐवजी भाकरी द्यावी.

कायदा काय म्हणतो?

आता त्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. त्याआधी कायदा नीट समजून घेऊ, कारण भीती बहुधा अर्धवट माहितीतून येते.

महाराष्ट्रात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. त्या कायद्याची १९९५ मध्ये विधिमंडळाने केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि वळू-बैल कापण्यावरही बंदी आली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हैस या बंदीत येत नाही. मात्र ती कापण्याआधी अधिकाऱ्याचा दाखला लागतो आणि ठरवून दिलेल्या जागीच कापावी लागते. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणसाने घरात काय खावे यात सरकारने डोकावण्याला मर्यादा आहे, असा त्या निकालाचा रोख होता.

तेव्हा परवान्याच्या दुकानातून आणलेला म्हशीचा खिमा शिजवणे आणि खाणे हा महाराष्ट्रात गुन्हा नाही. पावती मिळत असेल तर ती जरूर घ्या आणि दोन दिवस जपून ठेवा.

पण कायदा पुस्तकात असतो आणि जमाव रस्त्यावर. २०१७ च्या जुलै महिन्यात आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या भारसिंगी गावी, गाडीत गोमांस आहे या संशयावरून एका माणसाला भर रस्त्यात मारहाण झाली होती. पिशवीत काय आहे हे तपासायचा अधिकार पोलिसांना आणि प्रयोगशाळेला आहे, वाटेवरच्या कुणालाही नाही. पण ते ऐकून घ्यायला समोरचा थांबत नाही. आपल्या माणसांना भाड्याची खोली शोधताना "नॉनव्हेज चालत नाही" हे ऐकावे लागते. त्यामागे कधी कधी ताटाऐवजी जातच विचारलेली असते, हेही आपण जाणतो. म्हणून पान फाडणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. ती पोराला जपत होती.

लाज आणि खबरदारी

तरीही त्या भगिनीला एक सांगावेसे वाटते. घरातली गोष्ट घरात ठेवणे ही खबरदारी झाली. त्या गोष्टीची लाज वाटणे हे वेगळे. पान फाडताना मुलाला यातले काय कळले? आपण चोरून काहीतरी खातो, आपले घर इतरांहून हलके आहे, असे तर त्याला वाटले नाही ना? खबरदारी समजावून सांगता येते. न समजावता फाडलेले पान मात्र लाज शिकवते.

आपल्या समाजाचा अन्नाशी असलेला झगडा जुना आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे आपल्या माणसांना बजावले. गावाने टाकलेले, शिळे-उष्टे आणि मेलेले यांवर जगणे म्हणजे दुसऱ्याने लादलेल्या हीनपणावर जगणे, हे त्यामागचे सांगणे. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात, गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध इतिहासात कसा जोडला गेला, याची त्यांनी चिकित्सा केली. अलीकडे, २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरातले पदार्थ, वाळवलेल्या मांसाच्या चान्यांसकट, पहिल्यांदा इतक्या सविस्तर लिहून ठेवले. आज आपण दुकानातून कष्टाच्या पैशाने, पारखून, ताजे मांस आणतो. कुणी फेकलेले उचलत नाही. मुलाला हा फरक सांगितला पाहिजे. हे सांगायला वयाची अडचण नाही. सहावीतल्या पोराला महाड समजते, तर हेही समजेल.

मग निबंधाचे काय करायचे? माझे मत असे. मुलाला जवळ बसवून सांगावे, "तू लिहिलेस ते खरे आहे आणि त्यात वाईट काही नाही. आपण म्हशीचे खातो, ते कायद्याने चालते. काही लोकांना ते आवडत नाही आणि काही त्यावरून भांडण काढतात. म्हणून शाळेत सांगायचे की नाही, ते आपण दोघे मिळून ठरवू." नंतर खिमा-पाव असेच लिहिले तरी चालेल, कशाचा खिमा हे कुणी विचारलेले नाही. पुलाव लिहिला तरी चालेल. पण मूळचे पान फाडू नये. ते घरात जपून ठेवावे. त्या पोराने मन लावून लिहिलेल्या दहा ओळी आहेत.

जे खात नाहीत त्यांच्यासाठी

आपल्यातही पुष्कळ घरांनी मोठ्याचे सोडले आहे, काहींनी मांसच सोडले आहे. पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे आणि कुणी ते मांस सोडून पाळत असेल तर त्याचा आदर करावा. दुसरीकडे, भिक्षूंना मांस सक्तीने बंद करा ही देवदत्ताची मागणी भगवान बुद्धांनी मान्य केली नव्हती, हेही विनयात नोंदलेले आहे. एकाच घरात सासू खात नाही आणि नातू खातो, असे असेल तर त्यावरून भांडू नये. खिम्याऐवजी सोयाबीनच्या वड्यांचा चुरा दोन वाट्या घ्या, गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि बाकी सगळे तसेच करा. सोया लवकर शिजते, त्याला सात-आठ मिनिटे पुरतात. विदर्भात सोयाबीन आपल्याच शेतांत पिकते. एका तव्यावर भाजलेले पाव दोन कढयांतल्या भाजीला चालतात, आणि पंगत एकच बसते.

पुढच्या आठवड्यात विजेच्या बिलातले रकाने कसे वाचायचे ते पाहू. आपली बिले काढून ठेवा. खिमा-पाव करून पाहिला तर आंबट जास्त झाला की गोड, ते मात्र कळवा.

आपली,
एक कारकून भगिनी